कुंडलच्या फोटोंना आलेलं तेज

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

पतसंस्थेनं जानेवारीत वाटलेली ही डायरी आजपर्यंत कोरी होती. आजपासून लिहिणार आहे, कारण मला पुरावा पाहिजे.

नवा कॅमेरा घरात आला त्या दिवशी मेव्हणे जोतिबा मुद्दाम फलटणहून आले होते. त्यांची उसाच्या रोपांची नर्सरी आहे. माझं फोटोचं दुकान बंद करून मला तिथं सुपरवायझर नेमायचं, हे त्यांच्या डोक्यात कैक वर्षं आहे. मोबाईल आल्यापासून फोटोग्राफरकडं जातंय कोण, असं ते चहा फुंकत म्हणाले. माझं डोकं फिरलं आणि मी सगळ्यांसमोर बोलून गेलो की या लगीनसराईत नव्या कॅमेऱ्यानं नाव काढलं नाही, तर एक डिसेंबरला दुकानाला कुलूप लावून तुमच्याकडं रोपं मोजायला येतो. जोतिबांनी टाळीसाठी हात पुढं केला. रेश्मा, म्हणजे आमच्या मंडळी, एक अक्षर बोलल्या नाहीत. म्हणजे तिलाही तेच हवं असणार. शेवटी भावाचीच बहीण.

आजची पूजा मात्र झोकात झाली. पाटावर वडिलांचा कोयता, रेश्माची शिवणकामाची कात्री आणि मधोमध कॅमेरा. बंद वस्तू देवापुढं ठेवायची नाही, असा रेश्माचा नियम. मग मी लेन्स कॅमेऱ्यापासून सोडवली, बॅटरीचं दार उघडलं, फ्लॅश उघडा ठेवला. पण मीही कच्चा नाही. कॅमेऱ्याच्या उघड्या तोंडावर रुमाल टाकला, आणि लेन्सच्या पुढच्या काचेला टोपण लावून ती त्या टोपणावर उभी केली. रेश्माचं बोट ओल्या हळदी-कुंकवात बुडालेलं, तिला कशाकशाला हात लावू नको म्हणून सांगणार? अशा वेळी डोकं चालवावं लागतं.

तिनं एकेका वस्तूला बोट लावलं, काहीतरी पुटपुटत. कॅमेऱ्यापाशी जरा जास्तच पुटपुटली. आरती होते न होते तोच जोतिबांचा फोन आला, रोपं मोजायची सवय करताय ना दाजी, म्हणून. त्या रागात एका हातानं फोन धरून दुसऱ्या हातानं लेन्स चढवली.

कॅमेरावाल्या दुकानदारानं बजावलंय की लेन्स सारखी काढू नका, आत धूळ जाते. आता ही लेन्स मी काढणारच नाही. शिस्त म्हणजे शिस्त.

३ ऑक्टोबर

काल दसऱ्याला देवळापुढं सोनं लुटतानाचे फोटो काढले. काय रंग आलाय! सगळ्यांच्या तोंडावर सोनं शिंपडल्यासारखं दिसतंय. संध्याकाळचं ऊन पकडायला नजर लागते.

रेश्मा नव्या साडीत देवळाच्या पायरीपाशी उभी होती. तिचा एक काढायचा होता, तेवढ्यात सरपंचांनी हाक मारली.

९ ऑक्टोबर

आज अपमान झाला. हायस्कूलच्या हेडमास्तरांना कुठल्याशा ऑनलाइन अर्जासाठी फोटो हवा होता. अर्जाचे फोटो मी जुन्या कॅमेऱ्यावरच काढतो, पण हेडमास्तर म्हटल्यावर नवा बाहेर काढला. अर्जानं तो दोनदा परत पाठवला, चेहरा अस्पष्ट आहे म्हणून. हेडमास्तर प्रिंट हातात घेऊन आले आणि मला कावीळ झालीय का जरा बघा म्हणाले. बघितलं, तर माणूस खरंच पिवळट दिसत होता, आणि नाकाच्या आसपास आरशावर वाफ धरावी तसं धुरकट. जुन्या कॅमेऱ्यावर काढून दिला, तो पहिल्या झटक्यात गेला.

मग दसऱ्याचे फोटो कॉम्प्युटरवर मोठे करून बघितले. तेही तसलेच. म्हणजे ऊन नव्हतंच ते.

कॅमेरा कोरा करकरीत. लेन्सची पुढची काच मी दिवसातून दोनदा पुसतो. मग दोष कुणाचा? राहता राहिलं सॉफ्टवेअर. आमचं फोटो दुरुस्त करायचं सॉफ्टवेअर सीडीवरून चढवलेलं आहे, आणि आता सीडी घालायची खाच असलेला कॉम्प्युटर अख्ख्या कुंडलमध्ये फक्त माझ्याकडं असेल. म्हाताऱ्याला नवी सून पसंत पडलेली दिसत नाही.

११ ऑक्टोबर

कॅमेरावाल्याला फोन लावला. तो म्हणाला, तुमचं व्हर्जन फार जुनं आहे, ते या कॅमेऱ्याला ओळखतच नाही. कॅमेरा दोन तऱ्हेच्या फाईली देतो, एक कच्ची आणि एक तयार. कच्ची आमच्याकडं उघडत नाही, हे मला ठाऊक होतंच. तयार फाईल उघडते, पण ओळखच नसेल तर रंग नीट कसे दाखवणार? हे मात्र त्यानं सांगितलं नाही, माझं मीच काढलं. रोग कळल्यावर हलकं वाटलं.

शेजारी चांदसाहेबचं फ्रेमचं दुकान. मी फोटो काढायचा आणि त्यानं काचेत बसवायचा, असं आमचं पोरवयापासून चाललंय. त्याला सगळं सांगितलं. तो काच कापता कापता म्हणाला, "हितं मानसं वळख देत न्हाईत गड्या, तू सॉफ्टवेअरचं काय घिऊन बसलास?"

त्याच्याशी गंभीर बोलण्यात अर्थ नसतो.

१४ ऑक्टोबर

नवीन व्हर्जनची चौकशी केली. ते विकत मिळत नाही! महिन्याच्या महिन्याला भाडं भरायचं. भाडं थांबलं की सॉफ्टवेअर बंद. ट्रॅक्टर भाड्यानं, मांडव भाड्यानं, आता नवरीच्या गालाचा रंगसुद्धा भाड्यानं आणायचा. शिवाय ते माझ्या कॉम्प्युटरला पेलणार नाही म्हणे, म्हणजे कॉम्प्युटरही नवा.

रेश्माला म्हटलं, आता अपग्रेड करावं लागेल असं दिसतंय. ती म्हणाली, "बिघडलंय काय ते तरी आधी बघा की नीट." बायकांना तांत्रिक गोष्टी समजावून सांगायच्या म्हणजे घसा कोरडा पडतो. विषय सोडून दिला.

१९ ऑक्टोबर

तानुआजींच्या घरची ऑर्डर आली. त्यांचा नातू यशराज फौजेत आहे. तेवीस नोव्हेंबरला लग्न, मुलगी कवठे महांकाळची, प्रियदर्शनी नावाची. लग्नाला रजा घेऊन येणार आणि दोन डिसेंबरला मिरजेहून परत जाणार. तानुआजी म्हणजे कुंडलमधलं जाहिरात खातं. त्यांनी चांगलं म्हटलं की निम्मं गाव चांगलं म्हणतं. वाईट म्हटलं तर उरलेलं निम्मंसुद्धा तेच म्हणतं. म्हणजे माझा निकाल याच लग्नात लागणार.

ऑर्डर रेश्मानं मिळवली असं ऐकलं. तानुआजींच्या घरी पापड लाटायला जाऊन नव्या कॅमेऱ्याचं कौतुक करून आली म्हणे. फलटणला जायच्या आधी नवऱ्याची हौस फिटू दे, असा विचार असेल.

२८ ऑक्टोबर

दिवाळीत लिहिलं नाही, कारण खाल्लं फार. पाडव्याला रेश्मानं ओवाळलं, मोरपंखी साडी नेसली होती, फोटो काढायचा होता पण बॅटरी चार्जिंगला लावलेली.

आज दुकानावर पेंटर चढलेला दिसला. रेश्मानं बोलावलेला. जुना बोर्ड पुसून नवा रंगवतोय, 'लालासाहेब फोटो स्टुडिओ'. साधा रंग लावू की ऑइलपेंट, असं त्यानं विचारल्यावर तिनं ऑइलपेंट सांगितला. मी ओळखलं. दुकानाचा गाळा दुसऱ्याला द्यायचा तर दर्शनी भाग चकचकीत पाहिजे. बाईचं डोकं किती पुढचं चालतं! मला वाईट वाटलं, पण मी काही दाखवलं नाही. अक्षर छान काढलंय पेंटरनं.

६ नोव्हेंबर

सांगलीला जाऊन आलो. कॉम्प्युटरचा डबा मोटरसायकलवर, मध्ये गोधडी, मागं चांदसाहेब तो पोटाशी धरून. तासगावच्या अलीकडं एकानं आम्हाला थांबवून पेशंटला काय झालंय म्हणून विचारलं.

तिथल्या दुकानात गळ्यात टाय घातलेले एक साहेब होते. त्यांनी डबा उघडला. आतून धूळ आणि एक मेलेली पाल निघाली. चांदसाहेब म्हणाला, ही ओळखत नसेल कॅमेऱ्याला. साहेब हसले नाहीत. माझे फोटो पेनड्राईव्हवरून त्यांच्या मोठ्या स्क्रीनवर लावले. नव्या सॉफ्टवेअरमध्येही ते पिवळट आणि धुरकटच दिसले. मी जरा चपापलो. पण साहेबांनी धुकं काढायची एक पट्टी आहे ती सरकवली, आणि धुकं गेलं! हेडमास्तर गोरेपान झाले. साहेब म्हणाले, बघा, हे जुन्यात शक्य आहे का? मी नाही म्हणालो. आता शंका कसली?

साहेबांनी एक चाचणी आवृत्ती दिली. काही दिवस फुकट चालेल, मग आपोआप बंद. लग्नाच्या वेळी चढवायचं ठरवलं आहे, म्हणजे फुकटातला एकही दिवस वाया जायला नको.

१२ नोव्हेंबर

मन स्थिर नाही. अपग्रेड केलं तर दर महिन्याचा फास, आणि नाही केलं तर तानुआजींच्या लग्नात काविळीचे फोटो आणि मी फलटणला.

आज रेश्मा फोनवर भावाशी बोलत होती, ते भिंतीपलीकडून ऐकू आलं. ती म्हणत होती, "त्यास्नी धूळ सोसत न्हाई रं, दमा हाय. नर्सरीत न्हाई निभायचं." मला दमा नाही! कधीच नव्हता. परवाच डोंगरावरच्या देवळापर्यंत न थांबता चढून गेलो. सख्ख्या भावाजवळ नवऱ्याची अशी बदनामी करून हिला काय मिळतं? तिकडं गेल्यावर मला सुपरवायझरच्याही खालचं काम द्यायचं ठरलेलं दिसतंय.

दिवसभर तिच्याशी बोललो नाही. जेवताना मीठ मागितलं, तेवढंच.

२४ नोव्हेंबर

काल कवठे महांकाळला लग्न झालं. उन्हं उतरेपर्यंत उभा होतो. पायांचे तुकडे पडलेत, पण फोटो भरपूर झाले. मुलगी लाजाळू. कॅमेरा समोर आला की हात हनुवटीवर नेते. मी दर वेळी हात खाली घ्यायला सांगत होतो आणि ती दर वेळी परत वर नेत होती. यशराज साधा मुलगा आहे, उभं राहा म्हटलं की परेडला उभा राहतो. त्याला सैल पडायला सांगता सांगता अंतरपाट धरायची वेळ झाली.

रेश्मा माझ्याबरोबर आली होती. लाईटचा दांडा तिनं दिवसभर धरला. तिला कुणी सांगितलं नव्हतं.

२६ नोव्हेंबर

चाचणी आवृत्ती चढवली. सकाळी सुरू केली ती चहाच्या वेळी चढून झाली. पंख्याचा आवाज पिठाच्या गिरणीसारखा येतोय. एक बाई डबा घेऊन दुकानात डोकावून गेली, दळण घेता का म्हणून. खोटं लिहीत नाही.

एकेक फोटो उघडायला वेळ लागतो, पण पट्टी सरकवली की धुकं खरंच जातं. नमुन्याला नवरा-नवरीचा एक फोटो दोन तऱ्हेनं छापला. एक जुन्या सॉफ्टवेअरमधला, पिवळट, आणि एक नव्यातला, पांढरा स्वच्छ. उद्या दोन्ही तानुआजींना दाखवतो. त्यांनी नवा निवडला की सांगलीला फोन करून पैसे भरून टाकायचे. ठरलं.

२७ नोव्हेंबर

तानुआजींनी जुना निवडला.

मी सकाळी दोन्ही फोटो घेऊन गेलो. अंगणात सगळं घर गोळा झालं. आजींनी चष्मा लावला, नव्याकडं बघितलं आणि बाजूला ठेवला. जुना हातात घेतला तो सोडेचनात. "काय तेज आलंय रं लाला," त्या म्हणाल्या, "लक्षुमी घरात आल्यावानी दिसतीया सून. असलं तेज मोबाईलात कुठलं यायला?" सुनेच्या माहेरचे लोक होते, त्यांनीही हाच पाहिजे म्हणून सांगितलं. बाकीचा सगळा अल्बम असाच कर, असा हुकूम झाला. दोन बायकांनी तिथल्या तिथं आपापल्या पोरींच्या लग्नाच्या तारखा सांगितल्या.

म्हणजे माझी चूक लोकांना आवडते आणि माझी दुरुस्ती आवडत नाही. तीस वर्षांच्या धंद्यात असं कधी झालं नव्हतं. आनंद मानावा की दुकान बंद करावं, हेच कळेना.

तर निघताना यशराज फाटकापर्यंत आला. त्याला पाकिटात ठेवायला बायकोचा एक छोटा फोटो पाहिजे होता. मी म्हटलं, हा तेजवालाच बारीक करून देतो. तो जरा घुटमळला.

"काका, त्यो आजीसाठी ठेवा," तो म्हणाला. "तिच्या हनवटीवर वण हाय एक. ल्हानपनी हिरीच्या पायरीवर पडलीवती. तेवढा दिसला पायजे मला. तिकडं गेल्यावर ती तीच दिसाया पायजे, लक्षुमी नगं."

मला त्या पोराचं फार कौतुक वाटलं. आणि हात वर का जायचा ते आत्ता कळलं.

२८ नोव्हेंबर

सकाळपासून वण शोधतोय. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये तो पिवळ्या धुक्यात बुडालेला. नव्यात पट्टी शेवटपर्यंत सरकवली तर धुकं गेलं, आणि चेहरा चुना मारलेल्या भिंतीसारखा झाला. वण नाहीच. मोठा केला, उजेड कमी केला, वाढवला. नाही. सांगलीच्या साहेबांना फोन केला. त्यांनी आणखी वरच्या भाड्याचं एक व्हर्जन आहे म्हणून सांगितलं.

फोन ठेवला आणि बसून राहिलो. वण आत आलाच नसेल तर कुठलीही पट्टी तो कुठून आणणार? आणि आत यायचं म्हणजे काचेतून. पुढची काच तर स्वच्छ होती, मग अडलं कुठं?

दुकानदाराची शिस्त मोडली. दार लावून घेतलं, पंखा बंद केला आणि खंडेनवमीनंतर पहिल्यांदा लेन्स काढली.

मागच्या काचेवर हळदी-कुंकवाचं बोट होतं. करंगळीशेजारचं बोट, रेषांसकट, वाळलेलं, बरोबर मधोमध.

मी टोपणावर उभी केली होती ना लेन्स. पुढची काच खाली. म्हणजे वर काय आलं? मागची. इतकं डोकं चालवलं होतं मी त्या दिवशी.

पहिल्यांदा मला काय वाटलं ते लिहितो, कारण डायरीत खोटं लिहून उपयोग नाही. मला वाटलं, हिनं मुद्दाम केलं. कॅमेरा बाद व्हावा आणि आपण फलटणला जावं म्हणून. रेश्माला हाक मारली आणि लेन्स तिच्यापुढं धरली.

"हे तुझं बोट?"

तिनं बघितलं. "व्हय. माझंच."

"मागच्या काचेला लावायचं सुचलं कसं तुला?"

"पुढची तुमी झाकून ठिवलीवती. मला वाटलं, पुढनं तर समदी दुनियाच बघती. आतनं बघनारा डोळा ह्योच आसंल, म्हणून ह्याला लावलं."

मग मी जे विचारू नये ते विचारलं. फलटणला जायला मिळावं म्हणून तर नाही ना?

ती म्हणाली, "फलटणला जायाचं आसतं तर बोर्डाला ऑइलपेंट कशाला लावून घेतला आसता?"

पापड, दमा, लाईटचा दांडा, सगळं एकदम डोळ्यापुढं आलं. कॅमेऱ्याला बोट लावताना काय पुटपुटत होतीस, एवढंच कसंबसं विचारलं. ती म्हणाली, "चाल बाई म्हनलं. ह्या मानसाला रोपं मोजाया लावू नगंस. मोजता मोजता ह्यो वाळून जाईल."

मी लेन्स तिच्या हातात दिली. ती पदरानं काच पुसायला लागली तेव्हा मात्र मी ओरडलो, कारण त्या काचेला फक्त खास फडकं चालतं. ती म्हणाली, तुमचं डोकं आता कुठं ताळ्यावर आलं.

३० नोव्हेंबर

प्रियदर्शनीला आणि यशराजला दुकानात बोलावलं. स्वच्छ काचेतून फोटो काढला. तिचा हात सवयीनं हनुवटीकडं गेला. यशराजनं तो हळूच धरून खाली घेतला आणि धरूनच ठेवला, म्हणून फोटो कमरेच्या वरचाच घेतला. हनुवटीवर पांढरी बारीक रेघ आलीय. ती रेघ आहे म्हणूनच ती हसताना दुसऱ्या कुणासारखी दिसत नाही.

फोटो जुन्या सॉफ्टवेअरमध्ये उघडला. काही कुरकूर न करता उघडला, रंग जागच्या जागी. बिचाऱ्यानं कॅमेऱ्याला पहिल्या दिवसापासून ओळखलं होतं. दोन महिने मी त्याला शिव्या घालत होतो. चाचणी आवृत्ती काढून टाकली. पंख्याचा आवाज थांबला तसा चांदसाहेब आत डोकावून गिरणी बंद केली का म्हणून विचारून गेला. त्यानं पाकिटात मावेल असा फोटो प्लास्टिकमध्ये बसवून दिला. यशराज तो हातात घेऊन उभाच राहिला. परेडसारखा नाही, सैल.

१ डिसेंबर

जोतिबा आले. नर्सरीचं नाव छापलेली टोपी माझ्यासाठी घेऊन आले होते. रेश्मानं त्यांना चहा दिला, लाडू दिला आणि सांगितलं की तानुआजींच्या तोंडून गावभर झालंय, लग्नाच्या चार ऑर्डरी आल्यात, कॅमेऱ्यानं नाव काढलंय, तेव्हा कुणी कुठं येत नाही. जोतिबा म्हणाले, "आगं पर दाजींचा दमा?" ती म्हणाली, बरा झाला. टोपी ते ठेवूनच गेले. माणूस वाईट नाही. उन्हात फोटो काढताना टोपीचा उपयोग होईल.

पण एक पेच उरलाच आहे. चारही ऑर्डरवाल्यांना तेज पाहिजे. त्यासाठीच तर आलेत ते. मी त्यांना काय सांगणार, की तुमचं तेज आम्ही फडक्यानं पुसून टाकलं? रेश्मानं मार्ग काढला. लेन्सच्या पुढं फिरवून बसवायची साध्या काचेची चकती मिळते, फिल्टर म्हणतात. ती मी एक मागवून घ्यायची, आणि लग्नाच्या सकाळी रेश्मानं आंघोळ करून तिला एक बोट लावायचं. ज्याला तेज पाहिजे त्याला चकती लावून, आणि एक फोटो न विचारता चकती काढून. तो घरातल्या एखाद्या माणसासाठी. असा माणूस प्रत्येक घरात एक तरी असतोच, असं तिचं म्हणणं.

सांगलीच्या साहेबांचा फोन आला होता. अपग्रेडचं काय ठरलं, विचारत होते. मी म्हटलं, घरीच झालं. कुठलं व्हर्जन घेतलं म्हणाले. जुनंच, म्हणालो. त्यांना काही कळलं नसावं, पण पाल निघालेल्या कॉम्प्युटरच्या मालकाकडून त्यांची फार अपेक्षाही नसेल.

पुरावा म्हणून ही डायरी लिहायला घेतली होती. सकाळी पहिल्या पानापासून वाचली. पुरावा निघाला खरा, पण माझ्या बाजूनं एक ओळ सापडली नाही.

दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. रेश्माला म्हटलं, मोरपंखी साडी नेसून ये, बोर्डाखाली तुझा एक फोटो काढतो. नवा कॅमेरा आल्यापासून तुझाच राहिलाय. ती तयार होऊन आली, बोर्डाखाली उभी राहिली, केस सारखे केले. मी कॅमेरा डोळ्याला लावला.

"काच पुसलीया न्हवं?" तिनं विचारलं.

"पुसलीय."

"मग काढा," म्हणाली.